डेनिस रिची : सी भाषेचे जनक आणि स्ट्रिंगच्या लांबीची गोष्ट



सी भाषेत स्ट्रिंगचा धडा आला की एक प्रश्न परीक्षेत हमखास येतो. तयार फंक्शन न वापरता स्ट्रिंगची लांबी काढा. मुलं चार-पाच ओळींचा प्रोग्राम पाठ करतात, लिहितात आणि मार्क मिळवतात. पण त्या ओळी अशाच का आहेत, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. आजच्या बहुतेक भाषांत स्ट्रिंगला आपली लांबी ठाऊक असते. सीमध्ये मात्र दर वेळी पहिल्या अक्षरापासून चालत जाऊन ती मोजावी लागते. असं कुणी ठरवलं आणि का ठरवलं? याचं उत्तर शोधायचं तर सी भाषा घडवणाऱ्या माणसाचं आयुष्य आणि त्याच्या हाताखालची यंत्रं बघावी लागतात. म्हणून आज डेनिस रिची यांचं चरित्र बघूया. मुलांना सांगताना जमेल तसं सोपं करून घ्या.

बालपण आणि शिक्षण

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल या गावी झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या नामवंत संशोधन संस्थेत होते. टेलिफोनच्या जाळ्यात कॉल इकडून तिकडे वळवणारी जी स्विचची मंडलं असतात, त्यांच्या रचनेवर त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. थोडक्यात, चालू-बंद, एक-शून्य ही भाषा या घरात आधीच येऊन राहिली होती. पुढे कुटुंब न्यू जर्सी राज्यातल्या समिट या गावी आलं आणि डेनिस यांचं शालेय शिक्षण तिथेच पूर्ण झालं.

हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र घेतलं आणि १९६३ साली पदवी मिळवली. तिथे असताना युनिव्हॅक या संगणकावरचं एक व्याख्यान त्यांनी ऐकलं आणि मन संगणकाकडे वळलं. रिचींनी पुढे स्वतःबद्दल जे थोडंफार लिहिलं, त्यात मोठी गंमत आहे. पदवीच्या वर्षांनी त्यांना पटवून दिलं की भौतिकशास्त्रज्ञ होण्याइतकी हुशारी आपल्यात नाही. नंतरच्या संशोधनाच्या वर्षांनी पटवून दिलं की संगणनाच्या सिद्धान्तात तज्ज्ञ होण्याइतकीही नाही. हा अर्थातच त्यांचा मिस्कील स्वभाव. पालकांनी मात्र एवढं लक्षात घ्यावं की हा मुलगा दोनदा वाट बदलून आपल्या कामापाशी पोचला.

प्रबंध लिहिला, पदवी घेतली नाही

पदवीनंतर रिचींनी हार्वर्डमध्येच प्राध्यापक पॅट्रिक फिशर यांच्याकडे डॉक्टरेटचं काम केलं. विषय होता प्रोग्रामची रचना आणि त्याला लागणारं गणन. इथे थोडं थांबू, कारण आपल्या स्ट्रिंगच्या लांबीशी याचा थेट संबंध लागतो.

रिची आणि त्यांचे सहाध्यायी अल्बर्ट मायर यांनी एका विशिष्ट तऱ्हेच्या प्रोग्रामचा अभ्यास केला. या प्रोग्राममध्ये लूप असतो, पण तो किती वेळा फिरायचा हे लूपमध्ये शिरतानाच पक्कं ठरलेलं असतं. आत गेल्यावर तो आकडा बदलता येत नाही. वर्गातलं उदाहरण घ्या. पंधराचा पाढा दहा वेळा लिहा, ही एक आज्ञा झाली. घंटा होईपर्यंत लिहीत रहा, ही दुसरी. पहिली आज्ञा पाळणारा मुलगा कधी ना कधी थांबणार, याची खात्री सुरुवातीलाच असते. दुसऱ्या आज्ञेत ती खात्री नाही, कारण शिपाई घंटा द्यायला विसरला तर बिचारा लिहीतच राहील. मायर आणि रिचींनी पहिल्या प्रकारच्या प्रोग्रामचा कस लावला. लूपच्या आत लूप किती खोल आहेत यावरून प्रोग्रामला लागणारा वेळ जास्तीत जास्त किती वाढू शकतो, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा हा निबंध १९६७ साली आला आणि त्या शाखेचे लोक आजही त्याचा उल्लेख करतात.

१९६८ साली रिचींचा प्रबंध लिहून तयार होता. पण पदवी काही त्यांनी घेतली नाही. मायर यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी की विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची बांधीव प्रत द्यावी लागे आणि ती रिचींनी दिलीच नाही. काम पूर्ण, मार्गदर्शक समाधानी, फक्त बाइंडिंग राहिलं! आपल्याकडे पीएचडीसाठी धडपडणाऱ्या प्राध्यापक मंडळींना हे वाचून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

गणनाचा सिद्धान्त मागे ठेवून १९६७ सालीच ते न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये नोकरीला लागले होते. पुढची चाळीस वर्षं त्यांनी तिथेच काढली.

बेल लॅब्ज आणि युनिक्स

त्या काळी एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून मल्टिक्स नावाची एक भव्य संगणक प्रणाली तयार करत होते. एकाच संगणकावर अनेक जणांनी एकाच वेळी काम करावं, अशी ती कल्पना. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला आणि १९६९ साली बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. केन थॉम्प्सन, रिची आणि त्यांच्या सोबत्यांना मात्र तसं एकत्र बसून काम करण्याची चटक लागलेली. थॉम्प्सन यांनी फारसा कुणी वापरत नसलेला पीडीपी-७ नावाचा छोटा संगणक हाताशी घेतला आणि त्यावर आपली छोटी प्रणाली उभी केली. तीच युनिक्स. रिची या कामात सुरुवातीपासून त्यांच्या बरोबरीने होते.

या यंत्राची मेमरी किती? अठरा-अठरा बिटांचे फक्त ८ हजारांच्या आसपास शब्द. इथे शब्द म्हणजे आपला बोलण्यातला शब्द नव्हे, मेमरीतला एक खण. आज मुलांच्या मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत सगळं बसवायचं, तर एकेक खण जपूनच वापरावा लागणार.

एक घोडचूक की शहाणपण?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

केंब्रिज विद्यापीठातले मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६० च्या दशकात बीसीपीएल नावाची भाषा केली होती. तिची काटछाट करून थॉम्प्सन यांनी बी भाषा बनवली आणि रिचींनी बीमधून सी उभी केली. स्ट्रिंगची लांबी कशी लक्षात ठेवायची, हा निर्णय या वंशावळीतच झाला.

बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या अगदी पहिल्या खणात आकडा असे, पुढे किती अक्षरं आहेत त्याचा. लांबी हवी असली की तो आकडा वाचायचा, काम झालं. पण त्या आकड्याला ८ किंवा ९ बिटांचीच जागा. ८ बिटांत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, ९ बिटांत ५११ च्या पुढचा. म्हणजे स्ट्रिंग त्याहून मोठी होऊच शकत नाही. बीमध्ये हा आकडाच काढून टाकला आणि स्ट्रिंगच्या शेवटी एक खूण ठेवली. ही खूण दिसली की स्ट्रिंग संपली. सीमध्ये त्या खुणेच्या जागी सरळ शून्य आलं, ज्याला आपण बॅकस्लॅश-शून्य म्हणून ओळखतो.

मुलांना हे मालगाडीवरून छान समजतं. जुन्या मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा. गाडीला किती वाघिणी आहेत हे इंजिनावर लिहिलेलं नसे. तुम्ही फाटकाशी उभे राहून एक, दोन, तीन करत मोजायचं आणि गार्डचा डबा आला की थांबायचं. गार्डच्या डब्यात माल नसतो, म्हणून तो वाघिणींत धरायचा नाही. पण रुळावर जागा मात्र तोही घेतो. स्ट्रिंगच्या शेवटचं शून्य अगदी असंच आहे. लांबीत धरत नाहीत, पण मेमरीत एक जागा त्यालाही लागते.

रिचींनी १९९३ साली सी भाषेच्या घडणीचा सविस्तर इतिहास लिहिला. त्यात या निर्णयाची कारणं त्यांनी सरळ सांगितली आहेत. एक, लांबीवरची मर्यादा नको होती. दोन, आकडा सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणं त्यांना अनुभवाने सोयीचं वाटलं. मला दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. समजा स्ट्रिंगमधली पहिली तीन अक्षरं सोडून उरलेला भाग हवा आहे. शेवटी खूण असेल तर चौथ्या अक्षरावर बोट ठेवा, तिथून शेवटपर्यंतची स्ट्रिंग आयतीच तयार. आकडा पुढे लिहायची पद्धत असती तर नवी स्ट्रिंग वेगळी लिहून काढावी लागली असती.

या निर्णयाला संगणकाच्या इतिहासातली सर्वात महागडी चूक म्हणणारेही लोक आहेत. त्यांचं म्हणणं पुढे येईलच. पण तेव्हाची यंत्रं बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

सी भाषा कशी जन्मली

१९७० साली गटाला पीडीपी-११ हा नवा संगणक मिळाला. तो मागताना कारण दिलं होतं लिखाणाची, मजकूर तयार करण्याची प्रणाली बनवायचं. लॅबच्या पेटंट विभागातल्या टंकलेखनाच्या कामासाठी युनिक्स खरोखरच वापरातही आली. याची मेमरी २४ हजार बाइट. त्यातली १२ हजार प्रणालीच खात असे आणि उरलेल्यातला मोठा भाग डिस्कसारखा वापरायला राखलेला. माणसांच्या प्रोग्रामला अगदी कोपऱ्यातली जागा.

या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. बी भाषेला हे पेलेना. बीला एकच प्रकार माहीत होता, मेमरीतला पूर्ण खण. एका खणात दोन किंवा अधिक अक्षरं कोंबलेली असत आणि त्यातलं एखादं काढायला वेगळं फंक्शन बोलवावं लागे. मजकुराचं काम करायचं आणि अक्षराला हात लावायची अशी पंचाईत! रिचींनी १९७१ पासून बीमध्ये अक्षरासाठी वेगळा प्रकार घातला. मग पूर्णांक, अ‍ॅरे, पॉइंटर, पुढे स्ट्रक्चर. आधी त्यांनी तिला नवी बी म्हटलं, नंतर ती सी झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभाच सीमध्ये नव्याने लिहिला गेला. त्यापूर्वी असल्या प्रणाली बहुधा त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहीत, आणि यंत्र बदललं की सगळं पुन्हा. सीमुळे युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली.

याच काळात रिचींनी घेतलेला आणखी एक निर्णय मुलांना फार छळतो. सीमध्ये अ‍ॅरेचं नाव बहुतेक ठिकाणी वापरलं की त्याचा अर्थ पहिल्या घराचा पत्ता असा होतो. फंक्शनला अ‍ॅरे दिला की तिथे पोचतो तो फक्त पत्ता. अ‍ॅरे केवढा होता ही माहिती दाराबाहेरच राहते. आपण पाहुण्याला घर नंबर सांगावा, पण घरात किती खोल्या आहेत ते सांगू नये, तसं. म्हणून फंक्शनच्या आत साइझऑफ वापरलं तर आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर बहुधा ८ येतं. ती पत्त्याची लांबी असते. मुलं गोंधळतात ती इथे. पत्ता हातात आहे, लांबी नाही, मग शेवटच्या शून्यापर्यंत चालत जाण्याशिवाय गत्यंतर काय?

लांबी काढायची कृती

१९७८ साली रिची आणि ब्रायन कर्निघन यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं. शिकवण्याच्या ढंगाचा बराचसा भाग कर्निघन यांचा, भाषेचं नेमकं नियमपुस्तक रिचींचं. या पुस्तकात स्ट्रिंगची लांबी काढणारं फंक्शन एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतं. आधी अ‍ॅरेच्या क्रमांकाने, मग पॉइंटर एकेक घर पुढे सरकवत, मग शेवटच्या पत्त्यातून पहिला पत्ता वजा करून. एकाच छोट्या कामातून भाषेचा एकेक पदर उलगडत नेण्याची ही पद्धत आपण शिक्षकांनी जरूर उचलावी.

पहिली रीत बघू. समजा पुणे हे नाव रोमन लिपीत ठेवलं. पी, यू, एन, ई ही चार अक्षरं, आणि पाचव्या घरात शून्य. सीमध्ये घरांचे क्रमांक ० पासून सुरू होतात. म्हणून पी ० वर, यू १ वर, एन २ वर, ई ३ वर आणि शेवटचं शून्य ४ वर. आता आय नावाचा एक चल घ्या आणि त्यात ० ठेवा. आय क्रमांकाच्या घरात बॅकस्लॅश-शून्य आहे का बघा. नसेल तर आय एकने वाढवा आणि पुन्हा बघा. सापडलं की थांबा. आयमध्ये जो आकडा आहे तीच लांबी, म्हणजे ४. मोजणी ० पासून असल्यामुळे शेवटच्या खुणेचा क्रमांक हीच लांबी ठरते, वेगळं काही वाढवायचं-घटवायचं नाही. फळ्यावर पाच चौकोन काढून मुलांकडून बोट ठेवत हे एकदा करून घ्या. कोरडा प्रोग्राम दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा हे बरं.

दोन गोष्टी सांगायला विसरू नका. शेवटचं शून्य म्हणजे कीबोर्डवरचं शून्य हे अक्षर नव्हे. त्या अक्षराचा अंतर्गत क्रमांक ४८ आहे. शेवटची खूण म्हणजे ज्यातले सगळे बिट शून्य आहेत असा बाइट. दुसरी गोष्ट, २० घरांच्या अ‍ॅरेमध्ये पुणे ठेवलं तर साइझऑफ २० सांगेल, स्ट्रलेन ४ सांगेल, आणि प्रत्यक्षात वापरात ५ घरं असतील. तीन प्रश्न, तीन उत्तरं, तिन्ही बरोबर.

मघाची घंटेची आज्ञा आठवते का? स्ट्रलेनचा लूप अगदी तसा आहे. किती वेळा फिरायचं हे आधी ठाऊक नाही, शून्य दिसेपर्यंत फिरायचं. ज्या रिचींनी तरुणपणी आधीच मोजून दिलेल्या, हमखास थांबणाऱ्या लूपवर प्रबंध लिहिला, त्यांच्याच भाषेतला हा नेहमीचा लूप दुसऱ्या जातीचा निघाला.

शून्य राहून गेलं तर?

पुणे ठेवायला कुणी चारच घरांचा अ‍ॅरे घेतला, तर सी भाषा ते चालवून घेते. चार अक्षरं चार घरांत बसतात आणि शून्याला जागाच उरत नाही. मग स्ट्रलेन ई ओलांडून शेजारच्या मेमरीत शिरतं आणि योगायोगाने कुठे शून्य भेटेपर्यंत मोजत राहतं. उत्तर कधी ६ येईल, कधी ३७, कधी प्रोग्राम कोसळेल. कधी बरोबर ४ सुद्धा येईल, आणि ते सगळ्यांत वाईट, कारण मुलाला वाटतं आपलं बरोबर आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. लूपच्या अटीतच स्ट्रलेन लिहिण्याची सवय पुष्कळ मुलांना असते. हजार अक्षरांची स्ट्रिंग असेल तर अट तपासताना दर फेरीला हजार घरं चालायची. हजार फेऱ्या, म्हणजे सुमारे दहा लाख पावलं. एसटीच्या कंडक्टरने प्रत्येक तिकीट फाडल्यावर गाडीतले सगळे प्रवासी पहिल्यापासून मोजावेत, तसलाच प्रकार. लांबी एकदा काढून चलात ठेवली की झालं. हल्लीचे कंपायलर काही वेळा हे स्वतःच सुधारून घेतात, पण त्यावर विसंबून सवय लावू नये.

याहून मोठा धडा २ नोव्हेंबर १९८८ रोजी मिळाला. इंटरनेट तेव्हा लहान होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम संगणकामागून संगणकात पसरत गेला आणि यंत्रं ठप्प झाली. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट अशी. युनिक्सवरच्या एका सेवेत आलेली ओळ ठेवायला ५१२ बाइटची जागा होती आणि ती ओळ वाचायला गेट्स हे फंक्शन वापरलं होतं. गेट्स जागा किती आहे हे विचारतच नाही, ओळ संपेपर्यंत भरत जातं. या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले आणि त्यांनी यंत्राचा ताबा मिळवून दिला. या विद्यार्थ्याचे वडील बेल लॅब्जमध्ये रिची आणि थॉम्प्सन यांचे सहकारी होते, हा योगायोग.

असल्या घटना पुढे अनेक झाल्या. म्हणूनच शेवटच्या शून्यावर एवढी टीका होते. माझं मत विचाराल तर २४ हजार बाइटच्या यंत्रावर, एका खोलीत बसणाऱ्या आणि एकमेकांचे प्रोग्राम वाचणाऱ्या माणसांसाठी तो निर्णय योग्यच होता. गोची ही झाली की यंत्रं लाखपटीने वाढली, वापरणारी माणसं अनोळखी झाली आणि निर्णय तोच राहिला. रिचींनीही आपली भाषा निर्दोष असल्याचा दावा कधी केला नाही. त्याच १९९३ च्या इतिहासात तिच्यातले विचित्रपणे आणि उणिवा त्यांनी मोकळेपणाने मांडल्या आहेत. आणि गंमत बघा, थॉम्प्सन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत पुढे गो नावाची भाषा केली, ती २००९ साली जाहीर झाली, तेव्हा त्यात प्रत्येक स्ट्रिंगसोबत तिची लांबी ठेवली!

मराठी स्ट्रिंगची लांबी

हे मुद्दाम लिहितो, कारण एखादं चौकस मूल स्वतःचं नाव देवनागरीत टाइप करून बघतंच. मराठी हा शब्द स्ट्रलेनला दिला तर उत्तर साधारणपणे १५ येतं. आपण तर तीन अक्षरं म्हणतो. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणा संगणक वेगवेगळ्या ठेवतो, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. स्ट्रलेन बाइट मोजतं, अक्षरं नाही. ही यूटीएफ-८ पद्धतसुद्धा १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी, रिचींच्याच बेल लॅब्जमध्ये असताना आखली. आखताना त्यांनी एक काळजी घेतली. कुठल्याही भाषेतल्या अक्षराच्या बाइटांमध्ये शून्य बाइट येणार नाही. त्यामुळे जुन्या सी प्रोग्रामना मराठी मजकूर दिला तरी स्ट्रिंग मध्येच संपल्याचा भास होत नाही. १९७० च्या आसपासचा तो शून्याचा निर्णय असा आपल्या लिपीपर्यंत येऊन पोचला आहे.

मान-सन्मान आणि शेवट

रिचींना थॉम्प्सन यांच्यासोबत १९८३ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही. १९९९ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ साली जपान पुरस्कार मिळाला. सहकाऱ्यांत ते डीएमआर या तीन अक्षरांनी ओळखले जात. संकोची, कमी बोलणारा, पण लिहायला बसला की नेमकं आणि मिस्कील लिहिणारा माणूस. लग्न केलं नाही. २००७ साली ते निवृत्त झाले, तेव्हा प्रणाली संशोधन विभागाचे प्रमुख होते.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत आणि काही काळ आजारी होते. वय ७० वर्षं. बातमी आधी जुने सहकारी रॉब पाइक यांच्याकडून कळली. आठवडाभर आधीच अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि जगभरची वर्तमानपत्रं त्यांच्यावरच्या लेखांनी भरलेली होती. त्या मानाने रिचींची बातमी लहानच राहिली. जॉब्ज यांच्या फोनमधली प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली होती, हे तेव्हा फार थोड्यांनी लिहिलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सी भाषेचं नवं प्रमाणपत्रक प्रसिद्ध झालं आणि त्यातून गेट्स हे फंक्शन काढून टाकलं गेलं. स्ट्रलेन मात्र आहे तसंच आहे.

ग्रंथालयात कधीच न पोचलेल्या त्या प्रबंधाची एक प्रत पुढे सापडली. कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाने २०२० साली ती सर्वांना वाचायला खुली केली. टंकलेखन यंत्रावर लिहिलेली पानं आहेत. गणिताची आवड असलेल्या मुलांना त्यातलं पहिलं प्रकरण दाखवायला हरकत नाही.